आखूड शेपटीचा पिंपळ

गिरगावात संध्याकाळ समुद्राकडून येते. निदान आमच्या वाडीत तरी ती तिकडूनच येत असे. मावळतीचे ऊन चौपाटीची वाळू ओलांडून, नारळींच्या झावळ्यांतून गाळून निघून वाडीच्या तोंडाशी पोहोचे, विहिरीच्या रहाटावर क्षणभर विसावे, आणि मग मोकळ्या अंगणातून सावकाश चालत येऊन माझ्या खोलीच्या भिंतीला पाठ टेकून बसे. त्या घटकेला अंगणात नारळाच्या जळत्या सोडणांचा धूर, विहिरीच्या काठावरच्या शेवाळाचा थंड गंध आणि कोणाच्या तरी आमटीतली आमसुले यांचा एक संमिश्र दरवळ भरून राही, आणि मी कचेरीचा अंगरखा खुंटीला टांगून खिडकीत बसलो म्हणजे मला वाटे की हे ऊन, हा गंध, हा खाऱ्या वाऱ्याचा झोत, सारे केवळ माझ्याकरिता येत आहे. भाडे मी खोलीचे देत होतो, उन्हाचे नव्हे, हा बारकावा त्या वेळी माझ्या ध्यानात आला नव्हता.

तो आमच्या मालकांनी ध्यानात आणून दिला. मालक म्हणजे आबासाहेब. वाडीच्या तोंडाशी असलेल्या दुमजली घरात ते आपल्या वृद्ध मातोश्रींसह राहत. मातोश्रींना सारी वाडी माई म्हणे. घराला लागून, रस्त्याच्या कडेला, घोडागाडीचा गाडीखाना होता. एके काळी ही सगळी जागा त्यांच्या घराण्याची नारळी-पोफळीची बाग होती. पुढे एकेक रांग तुटत गेली आणि एकेक चाळ उभी राहत गेली, आणि आता बागेची आठवण म्हणून कुंपणाशी मोजक्या नारळी, विहीर आणि तिच्याभोवतीचे अंगण एवढेच उरले होते. त्या वर्षी संक्रांत झाली आणि एका सकाळी त्या अंगणात चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. पाणी भरायला गेलेल्या बायका त्या रेघा साप ओलांडावा तशा ओलांडून जाऊ लागल्या. आबासाहेब तिथे नवी चाळ बांधणार होते.

आबासाहेबांना मी दोष देत नाही. परळ-लालबागेकडे गिरण्यांची धुराडी दर वर्षी नवी उगवत होती, कोकणच्या बोटी धक्क्याला लागून माणसे उतरवीत होत्या, आणि प्रत्येकाला डोक्यावर छप्पर पाहिजे होते. मी स्वतः असाच एका बोटीतून, फणसाच्या गऱ्यांची पुरचुंडी काखेत मारून उतरलेला प्राणी. परंतु मनुष्यस्वभाव मोठा विनोदी आहे. आपण दारातून आत आलो की दार लावून घ्यावे असे त्याला तत्काळ वाटू लागते.

“आता पापड वाळवायचे कुठे?” शेजारच्या काशीकाकूंनी पायऱ्यांवर भरलेल्या सभेत विचारले.

“आबासाहेबांच्या पागोट्यावर,” आमचे कुटुंब म्हणाले. सभा हसली खरी. खालच्या मजल्यावरच्या खोल्यांत दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल, वारा बंद होईल आणि विहिरीवर दोन चाळींची झुंबड उडेल, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

अशा वेळी वाडीला तारण्याची बुद्धी देवाने मलाच द्यावी, यात देवाचाही काही विनोद असावा. आदल्या श्रावणात मी वरळीच्या किनाऱ्यावर हवा खायला गेलो असता कोळीवाड्याच्या अलीकडे, खडकांच्या आडोशाला, मला पिंपळाचे एक कोवळे रोप दिसले होते. हृदयाच्या आकाराची तुकतुकीत पाने, वाऱ्यावर सळसळणारी. कॉलेजात असताना वनस्पतिशास्त्रावरची काही व्याख्याने मी जागेपणी ऐकली होती, त्यामुळे झाडे ओळखण्याचा मला मोठाच अभिमान. ते रोप मुळासकट उकरून, धोतराचा सोगा चिखलात माखून घेत मी घरी आणले आणि विहिरीच्या बाजूला लावले. “पिंपळाच्या पानाला लांब शेपूट असतं ना?” असे कुटुंबाने तेव्हाच विचारले होते. मी त्यांना समजावून सांगितले की मूल लहान आहे तर शेपूटही लहानच असणार. माझ्या व्याख्यानांची एवढी छाप घरात होती की त्यांनी तो विषय तिथेच सोडून दिला.

आता ते रोप माझ्या छातीला लागले होते आणि फक्कीची एक रेघ नेमकी त्याच्या बुंध्यावरून गेली होती. मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, “या पिंपळाची मुंज लावू या.”

पिंपळाची मुंज हा काही मी काढलेला शोध नव्हे. आमच्या गावी नदीकाठच्या पिंपळाची मुंज लागलेली मी पाहिली होती. एकदा त्याच्या खोडाला जानवे चढले की तो झाड राहत नाही, द्विज होतो, आणि ब्राह्मणावर कुऱ्हाड कोण चालवणार? सभेला ही युक्ती एकदम पटली. गोविंदभट वाडीतच राहत. त्यांनी माघातला एक मुहूर्त काढला, बटूकडे एकवार निरखून पाहिले आणि पानाचे टोक चिमटीत धरून म्हटले, “अण्णा, शेपटी जरा आखूड वाटत्ये.”

“मुंबईची हवा,” मी म्हणालो.

“असेल. इथं माणसांचीही आखूड होते,” असे म्हणून त्यांनी दर्भ सोडवायला घेतले.

त्या सकाळची प्रसन्नता अजून माझ्या नाकात आहे. सारवलेल्या ओल्या जमिनीचा, तुपाच्या होमाचा, झेंडूच्या तोरणांचा आणि कुठून तरी आलेल्या सुक्या बोंबलांचा वास, आणि या सर्वांच्या मधोमध मुंजगवताची मेखला, नवी कोरी लंगोटी आणि जानवे ल्यालेले आमचे झाड, थंडीत उभ्या केलेल्या बटूसारखेच किंचित कापत उभे. पित्याचा मान अर्थातच माझा. मंत्रोपदेशाची वेळ आली तेव्हा अंतरपाटासारखे एक उपरणे आम्हा दोघांवर धरले गेले आणि मी त्या अंधारात गोंधळून कुजबुजलो, “गोविंदभट, याचा कान कोणता?”

“जे पान तुमच्याकडे झुकलं असेल ते,” उपरण्याबाहेरून उत्तर आले. “आणि लवकर उरका, मागे जेवण खोळंबलंय.”

मी एका पानाला तोंड लावून गायत्री सांगितली. काशीकाकूंनी पहिली भिक्षा घातली. आमचे कुटुंब माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, “पुढं घरच्या मुलाच्या मुंजीतही अशीच घाई दाखवा म्हणजे झालं.”

फाल्गुनात पाया खणायला माणसे आली. त्यांच्या मुकादमाने जानवे पाहिले, लंगोटी पाहिली, पहार खाली ठेवली आणि हात जोडले. “मालक, दुसरं कायबी सांगा. मुंज झालेल्या पोराला आमी हात लावत न्हाय.” आबासाहेब माझ्या खिडकीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. मी ऊन खात बसलो होतो.

त्यानंतरचा काळ माझ्या वैभवाचा. झाडाभोवती छोटा पार बांधला गेला. श्रावणी शनिवारी बायका प्रदक्षिणा घालू लागल्या, आणि त्यांत सर्वांत पुढे, हातातली काठी पारावर आपटीत, खुद्द माई. शनिवार श्रावणातला असो वा नसो, माई यायच्याच. पावलांखाली पार वेढून एक गुळगुळीत वाटोळी वाट पडली. वाडीत मला जो तो “अण्णा, पिंपळ कसा आहे?” असे विचारी आणि मी, मुलाच्या परीक्षेचा निकाल सांगावा तशा स्वरात, “उत्तम,” म्हणे. शेपट्या तेवढ्या लांबत नव्हत्या.

कार्तिकातल्या एका स्वच्छ सकाळी तोंडात राखुंडीचे बोट घालून मी अंगणात आलो आणि तसाच उभा राहिलो. आमच्या पिंपळाला फूल आले होते. पिंपळाला फूल दिसत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आणि हे तर वाटीएवढे, लोण्यासारखे पिवळे, तळाशी कुंकवाचा थेंब पडावा तसा गडद ठिपका असलेले. आमचा बटू भेंडीचा निघाला. समुद्रकाठी बांधाबांधावर उगवणारी, होड्यांना लाकूड देणारी ती भेंडी. मी लगबगीने ते फूल तोडून मुठीत लपवले. मागे वळून पाहतो तो आबासाहेब. फांदीवर आणखी तीन कळ्या होत्याच.

“मूठ उघडा, अण्णा.”

मी उघडली. वाडी गोळा व्हायला वेळ लागला नाही. गोविंदभट सोवळ्यातच धावत आले, फूल पाहिले आणि हळूच गर्दीच्या मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

“म्हणजे पिंपळ नाही,” आबासाहेब शांतपणे म्हणाले. “म्हणजे मुंजही नाही. उद्या माणसं येतील.”

काशीकाकूंच्या हातातली भरली घागर कमरेवरून निसटत चालली होती आणि त्यांना ते कळतही नव्हते. मला त्या क्षणी माझी सारी व्याख्याने आठवली आणि त्यांतले एकही वाक्य उपयोगाचे नव्हते. तेवढ्यात काठीचा आवाज आला. शनिवार होता. माई आल्या, गर्दी बाजूला झाली, त्यांनी पाराला हात लावला आणि नेहमीप्रमाणे चालू लागल्या.

“आई, अगं ही भेंडी आहे,” आबासाहेब म्हणाले.

“मग? ओरडतोस कशाला? माहीमला माझ्या माहेरी विहिरीवर हीच होती. हिच्या सावलीत मी लहानाची मोठी झाले.”

“तुला ठाऊक होतं? आणि इतके महिने प्रदक्षिणा घालत्येस?”

“घरात बसून गुडघे धरतात.” माईंनी आपला फेरा पुरा केला आणि काठी टेकून उभ्या राहिल्या. “हे बघ, आबा. लंगोटी नेसवली, भिक्षा घातली, मी स्वतः हातानं लाडू वाढला. पोरगं दुसऱ्या गोत्राचं निघालं म्हणून आता जानवं काढून घ्यायचं? गोविंदभट, असं कुठल्या शास्त्रात आहे?”

मागच्या रांगेतून गोविंदभट म्हणाले, “दत्तक समजावं. दत्तकाला शास्त्राधार आहे.”

“मग मी चाळ कुठं बांधू?” आबासाहेब म्हणाले. “तुझ्या देवघरात?”

“गाडीखान्यात. घोडा म्हातारा झालाय आणि तू रोज ट्रामनं जातोस. रस्त्याकडं तोंड आहे, वर दोन मजले चढव. येणाऱ्यांनाही वारा लागू दे की. इथं अंगणात कोंबून त्यांचं आणि यांचं, दोघांचं भलं होणार नाही.”

आबासाहेबांनी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या मुठीतल्या फुलाकडे. “अण्णा,” ते म्हणाले, “यापुढं माझ्या वाडीत काही लावायचं झालं तर आधी मला दाखवत जा.” आणि ते आत निघून गेले. काशीकाकूंची घागर त्या वेळी खरोखरच निसटली. सांडलेले पाणी पाराच्या कडेने वाहत जाऊन त्या वाटोळ्या वाटेत भरून राहिले.

पुढच्या मोसमात गाडीखान्याची चाळ उभी राहिली. लालबागेच्या गिरण्यांतून काम करून येणारी माणसे तिथे राहायला आली आणि विहिरीवर झुंबड थोडी वाढली, पण रहाट सकाळी लवकर फिरू लागला एवढेच. कुंपणाशी जिथे नारळींच्या जागा रिकाम्या पडल्या होत्या तिथे आबासाहेबांनी स्वतः, मला न विचारता, नवे नारळ रुजवले. मी ज्यांना मनातल्या मनात दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्या बायका आता शनिवारी माईंच्या मागून फेरे घालतात. त्यांतल्या एकीने परवा मला विचारले, “भाऊ, ह्यो पिंपळ जरा येगळाच दिसतो?” मी नेहमीच्या अधिकारवाणीने बोलायला तोंड उघडले आणि मिटले. तिच्या पायांखाली ती वाट आणखी थोडी खोल झालेली दिसत होती.

फुले आता बारा महिने येतात. सकाळी पिवळी असतात, आणि समुद्राकडून येणारे ऊन रहाटापर्यंत पोहोचते तोवर गुलाबी होऊन मिटू लागतात. अंगरखा खुंटीला टांगून मी खिडकीत बसतो. ऊन खोलीत येते. पण आता ते आधी झाडापाशी थांबते, नव्या चाळीच्या जिन्यावर थोडे चढते, आणि मग उरलेले माझ्याकडे येते, आणि तेही मला पुष्कळ होते. कोणी पाहत नाहीसे बघून कधी कधी मी खाली उतरतो, एखादे पान चिमटीत धरतो, आणि शेपटी थोडी लांबली आहे का ते पाहतो.