पाडव्याचा एक घास

चांद्याच्या माळावरच्या धनगरवाड्यात सारजाबाईला न भिणारा एकच माणूस होता, तिचा दीर गेणू. आणि तोही लांबूनच भीत नसे.

नवरा गेल्यापासून दिवाळी सरली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, आणि कळपाच्या पुढं चालायचं ते सारजाबाईनंच. तिनं टाळूला जीभ लावून साद घातली की मेंढरं मुकाट मागं लागत. मुळशीच्या धरणाचं पाणी चढलं तशी खोऱ्यातली जुनी वाट बुडाली. डोंगराच्या अंगानं नवी वाट हुडकली तीही हिनंच. बाई त्याचा तोरा मिरवायची, आणि का मिरवू नये?

मग तिला गोड लघवीचा रोग जडला. तहान भागेना, पायाची जखम भरेना. पौडला येणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं, भाकरी, भात, गूळ बंद. तूप, लोणी, अंडी, पालेभाजी खा, मिळेल तेव्हा मटण खा. ऐकून अख्खा वाडा हसला. "असला रोग आमास्नी बी हुंदे की!" गेणू म्हणाला. पण भाकरीवाचून नुसतं लोणी खाऊन बघावं, म्हणजे कळतं. शेजारी भाकरी थापल्याचा आवाज आला की सारजाबाई उठून मेंढरांत जाऊन बसायची. मटणाचं म्हणाल तर धनगराकडं मेंढरं बख्खळ, पण कापायला जीव होत नाही. तरी तिनं निभावलं. जखम भरली, तोंडावर तेज आलं.

घात केला तो गेल्या दिवाळीच्या पाडव्यानं. पाडव्याला मेंढरांना ओवाळायचं, त्यांच्यासमोर नव्या मडक्यात दूध उतू जाऊ द्यायचं, त्याच दुधात तांदूळ-गूळ टाकून खीर करायची, आणि थोरल्या बाईनं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही, ही त्या वाड्याची रीत. सणाला चालेल का, असं तिनं डॉक्टरला विचारलंही होतं. "एखाद्या दिवशी चालेल, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटेवर आलं पाहिजे," तो म्हणाला. सारजाबाईनं त्यातलं 'चालेल' तेवढंच गाठीला बांधलं. पाडव्याला वाडगाभर खीर खाल्ली. सकाळी उरलेली शिळी खीर, ती तर आणखी गोड. भाऊबीजेला पुरणपोळी, मग रोजचीच भाकरी. पाय पुन्हा चिघळला. कळप गेणूबरोबर कोकणात गेला आणि बाई सारा हिवाळा माळावर पाय पसरून बसली.

यंदा पाय बरा होता आणि पाडवा आला. गेणूनं आधीच बजावलं, "वैनी, खिरीवर पुन्यांदा घसरलासा तर कोकणात न्यायाचं न्हाई तुमास्नी."

"आन् म्या तोंड न्हाई लावलं, तर पोरं उपाशी बसत्याल त्याचं काय?"

सून बानूबाई हळूच म्हणाली, "आत्याबाई, यंदा मी घेते की पैला घास."

सारजाबाईला कळत होतं, सून भल्यासाठीच सांगत होती. पण पहिला घास दिला म्हणजे थोरलेपण दिलं, आणि मग कळपाच्या पुढं तरी कुणी कशाला चालू द्यावं?

दूध उतू गेलं, खीर शिजली. बानूबाईनं वाडगा भरून पुढं ठेवला. सारजाबाईनं एक घास उचलला, डोळे मिटून चवीनं खाल्ला, आणि भरला वाडगा गेणूपुढं सरकवला. "घ्या भावजी. माझा सण झाला."

"बगू की सकाळी," गेणू म्हणाला. बाई पाडव्याला पडत नाही, दुसऱ्या दिवशी पडते, हे त्यालाही ठाऊक होतं.

सकाळी बानूबाई खिरीचं मडकं लपवायला निघाली. "ऱ्हाऊ दे हितंच," सारजाबाई म्हणाली. "लपवून ठिवाया मी काय मांजर हाय व्हय?" मडक्याशेजारी बसूनच तिनं अंडं आणि लोणी खाल्लं. मग उरलेली खीर स्वतः पोरांना वाढली आणि बोटाला लागलेली धुऊन टाकली. आदल्या साली याच जागी बसून मडकं पुसून खाल्लेली बाई ती! भाऊबीजेच्या पुरणपोळीलाही तिनं हात लावला नाही.

निघायच्या दिवशी गेणू मागल्या सालच्या सवयीनं कळपाच्या पुढं जाऊन उभा राहिला. त्यानं साद घातली. चार मेंढरं हलली, बाकीची चरत राहिली. सारजाबाई मागं बोचकं घेऊन उभी होती. आपणहून पुढं व्हायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. गेणूनं तिच्या पायाकडं पाहिलं आणि तो कळपाला वळसा घालून तिच्यापाशी आला.

"वैनी, तुमी म्होरं व्हा," तो खाली बघत म्हणाला. "मागल्या साली साऱ्या वाटंनं मेंढरं माझं ऐकत न्हवती. कुनाला बोललो न्हाई."

"ठावं हाय मला," सारजाबाई म्हणाली, आणि तिनं साद घातली.