शेवटच्या ओळीतल्या बांगड्या

धुळ्याचे लोटनभाऊ साउंडवाले आणि मी पाचोऱ्याचा मांडववाला. वीस वर्षं मी कापड ताणतो, ते आवाज टांगतात, त्यामुळे भांडण ठरलेलं. माझी झालर त्यांच्या स्पीकरच्या आड आली की ते न विचारता कापून टाकायचे.

बाकीचे साउंडवाले स्टेजच्या दोन बाजूंना खोक्यांची भिंत रचतात. पुढच्यांचे कान किटतात आणि मागचे एकमेकांना विचारतात, महाराज काय म्हणाले? भाऊ खोकी एकाखाली एक टांगायचे. वरची शेवटच्या ओळीकडे रोखलेली, खालची पुढच्यांकडे वाकलेली. मग त्यांची बायको प्रमिलाबाई माइकसमोर काचेच्या बांगड्या हलवायची. बारीक, टोकदार आवाज लांब जाताना आधी मरतो, असं भाऊंचं म्हणणं. ते मैदानभर चालायचे आणि शेवटच्या ओळीत किणकिण पोचली की हात वर करायचे. मोबाइलवर आवाज मोजणाऱ्यांना ते हसायचे.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. भाऊ बारीक आवाज चढवतच चालले होते. पाचोऱ्याच्या कथेत पुढच्या बायका पदराने लेकरांचे कान झाकून बसल्या. मी बोललो तर म्हणाले, "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं बरोबर आहे. ज्याची भाकरी कानावर, त्याचा कानच गेला तर उरतं काय? खरं सांगतो, पुढे विचारायची मला भीती वाटली.

असोद्याला केळी काढलेल्या शेतात मांडव घातला होता. संध्याकाळी चार हजार माणूस येणार होतं, आणि पुढची जागा लेकुरवाळ्यांना राखलेली. दुपारी भाऊ शेवटच्या ओळीत जाऊन आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले. ही त्यांची रीतच. प्रमिलाबाई माइकसमोर होत्या आणि मी बाजूला दोरी आवळत होतो.

किणकिण आली नाही. मी मान वळवून पाहिलं. बाईंनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते. मांडवात नुसतं कापड फडफडत होतं.

बराच वेळ गेला. मग लांबवर भाऊंचा हात वर झाला.

बाईंनी माइकवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मी हात हालाडाच नहीत."

बाईंनी हातांत एकेक बांगडी ठेवून बाकीच्या काढल्या. सवाशिणीने असं करू नये म्हणतात, पण त्यांना अडवायचा धीर मला झाला नाही. त्या मैदान तुडवत मागे गेल्या आणि बांगड्या त्यांनी नवऱ्याच्या हातात दिल्या. काय बोलल्या ते मला नंतर कळलं: "तुम्ही वर जा. आज मांगे मी उभी राहस."

भाऊ स्टेजवर आले, माझ्याकडे न बघता माइकसमोर उभे राहिले आणि बांगड्या हलवल्या. आवाज असा चिरत गेला की माझे दात शिवशिवले. शेवटच्या ओळीत प्रमिलाबाईंनी हात वर केलेच नाहीत. दोन्ही तळव्यांनी त्यांनी कान दाबून धरले.

भाऊंनी ते पाहिलं. पुन्हा हलवल्या. मग हात माइकपासून काढून कानाशी नेला आणि जोरात हलवल्या. त्यातली एक बांगडी पिचून त्यांच्या पायाशी पडली, आणि तेही त्यांना ऐकू आलं नाही.