गोड्या विहिरीचा दोर

पूर्णेकाठच्या आमच्या काळ्या जमिनीच्या पोटात खारे पाणी आहे. अकोल्याकडच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. लांबच्या वाचकासाठी लिहितो. त्या खाऱ्यावर पावसाचे थोडे गोडे पाणी तरंगत असते, दुधावरच्या सायीसारखे. फार उपसले किंवा फार खोल खणले की साय फाटते, खालचे वर येते, आणि आमच्या पाहण्यात तरी ते परत खाली गेलेले नाही.

म्हणून आमच्या शेतातल्या विहिरीवर मोट कधी चालली नाही. सारे गाव तिथे हाताने पाणी शेंदते. आतल्या बांधकामातून एक काळा दगड पुढे आलेला आहे. पाणी त्याच्या खाली उतरले की शेंदणे बंद. दोर काढून घरी आणायचा आणि रात्रभर विहिरीला सावरू द्यायचे. तो दोर आमच्या घरात खुंटीला असे, आणि त्याचा मान घरच्या सुनेचा. माझ्या लग्नानंतर तो माझ्या बायकोकडे आला. ती गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्याविषयी मला भरभर लिहिता येत नाही.

अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. लढाई संपली, भाव उतरले, पण तोवर आगगाडी अकोल्याकडे सरकत आली होती आणि माणसांची घाई काही उतरली नव्हती. तेव्हा एक व्यापारी रुईचे गठ्ठे दाबायचा वाफेचा पेच बसवायला जागा पाहत आला. आमची विहीर पाहून म्हणाला, खोल करू, दोन मोटा लावू, गावाचे नशीब उघडेल. मी आत जाऊन बायकोला विचारले. ती भाकरी थापत होती.

"द्या नं त्यायले," ती मान वर न करता म्हणाली. "मंग उद्या गावाले प्यायले काय देता? रुई?"

मी बाहेर येऊन नाही म्हणालो. व्यापारी कोसभरावरच्या गावी माझ्या थोरल्या मावसभावाकडे, दादाकडे, गेला. त्याने विहीर दिली.

पुढची दोन-तीन वर्षे मी रोज संध्याकाळी ओट्यावरून त्याच्या गावाचा धूर पाहिला. आमचा आठवडी बाजार उठून तिकडे गेला. तिकडे कौलारू घरे झाली. दादाच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ते सगळे मी सोसले असते. पण सरकारने शाळा काढली तीही तिथेच, सडक तिथे होती म्हणून. भिंतीवर पृथ्वीचा नकाशा असलेली शाळा. अमरावतीला शिकून आल्यापासून मला ती माझ्या गावात हवी होती. दादाला तर वाचताही येत नव्हते. मी एकदा तो नकाशा पाहायला गेलो आणि रात्री जेवलो नाही.

दादा रेंगीतून जाताना आमच्या दारात बैल मुद्दाम थांबवी. "काय लेका, पुस्तकातून पाणी निघून राह्यलं का?"

"तुमाले लागलं तं पाठवू, भाऊजी," बायको आतून म्हणे. तो हसे. मला हसू येत नसे.

मग एका उन्हाळ्यात दादाच्या गावात तुरीची डाळ शिजेना. कितीही जाळ घाला, दाणा टणकच. पेचाच्या बंबात पांढरी खपली धरली. मोटा चालूच राहिल्या, कारण गठ्ठे पडून होते. आणि दिवाळीपर्यंत ती विहीर गुरांनीही सोडली. व्यापाऱ्याने पेच उचलून स्टेशनाजवळ नेला. शाळा मात्र राहिली.

आता दादाच्या गावच्या बायका घागरी घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. मला वाटले, यांनी चांदी घेतली, बाजार घेतला, नकाशा घेतला, आता गोडे पाणीही यांनाच! बायकोने फक्त दगडाचा नियम सांगितला आणि दोर त्यांच्याही हाती दिला. दादाची बायको, माझी वहिनी, तिची फार जवळची झाली. दोघी विहिरीवर खळखळून हसत. घरी येईतो बायकोचे हसू संपलेले असे. काय झाले विचारले तर म्हणे, "काई नाई जी, बायकायचं."

पावसाळ्यात तिला ताप आला, आणि त्यातच ती गेली.

तेराव्यानंतर दोर मी स्वतः घेऊन विहिरीवर गेलो. तिच्या हातांनी तो मध्यभागी गुळगुळीत झाला होता. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन होईना. बायका पदर ओढून लांब उभ्या राहिल्या. पुरुष काठावर उभा असताना कोणी वाकून पाणी शेंदीना. दुसऱ्या दिवशीही तेच. अर्ध्या घागरी रिकाम्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी दादा आला, वहिनीला घेऊन. ओट्यावर बसून म्हणाला, "लेका, दोर कायचा धरून बसतं? मोट लाव. व्यापारी पेच परत आनतो म्हन्ते, तुह्या गावात. शाळाबी हलवू इकडं. मी बोलतो साहेबाशी."

शाळा. खरे सांगायचे तर नकाशा कोणत्या भिंतीला शोभेल हे मी पाहू लागलो होतो.

दारातून वहिनी म्हणाली, "भाऊजी, यायच्या घरची डाळ खाऊन पाहा अगुदर, मंग मोट लावा."

"तू गप," दादा म्हणाला.

"गप राहूनच ते विहीर गेली." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तिनं मले सांगतलं होतं, मी नसली तं दोर तू सांभाळजो. तुहे भाऊजी पुस्तकात राह्यतेत, दगड पाह्यचा भुलतीन."

हे ती माझ्याशी बोलली नव्हती. तापातही नाही. इतकी वर्षे एका घरात राहून मला जे मिळाले नाही ते या बाईला पाण्यावर येता-जाता मिळाले होते. मी उठलो, खुंटीवरून दोर काढला आणि वहिनीच्या हातात दिला. दादाला म्हणालो, "मोट नाही."

आता दोर कोसभर लांब दादाच्या घरी असतो. आमच्या गावच्या बायका कुरकुरल्या, मग सरावल्या. रोज संध्याकाळी वहिनी तो खांद्यावर टाकून माझ्या दारावरून जाते, आणि थोड्या वेळाने विहिरीकडून हसू ऐकू येते.

काल हसू लवकर थांबले. पाणी दगडाखाली गेले होते. दादाचा गडी बैलांसाठी आणलेली रिकामी पखाल घेऊन परत निघाला. मागून वहिनी, दोर गुंडाळून काखेत घट्ट धरलेला. माझी बायको अगदी तसाच धरीत असे. मी पुस्तक मिटले आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत त्या दोराकडे पाहत राहिलो.