गिअरबॉक्समधला आहेर

चाचांइतका मनमोकळेपणाने घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बंदरात मालाची पेटी, म्हणजे कंटेनर, उतरली की त्यांचं जेवण सुटायचं. पनवेलला महामार्गालगत त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. धाकटा भाऊ अन्वर शारजाहून जुने गिअरबॉक्स पाठवायचा आणि मी चाचांकडे नोकरीला, त्या मालाचे कस्टमचे कागद तयार करायची. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. चिरनेरचं आमचं घर माझ्या त्या पगारावर चालायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयात मालावरची ड्यूटी अशी होती, की मालापेक्षा तीच जड वाटे. पेटी बंदरात अडकली तर भाडं वेगळं. गिऱ्हाईक किमतीवरून हुज्जत घालू लागलं की चाचा म्हणायचे, "अरे, लोखंड अर्धं माझं हाय, अर्धं सरकारचं. सरकारच्या अर्ध्यावर मी सूट कशी देऊ?" कागदावर किंमत कमी दाखवा, असं सुचवणाऱ्याला ते चहा पाजून वाटेला लावत. "मला हिंमत नाय," एवढंच कारण देत.

एकदा माल तपासणीच्या आदल्या दिवशी अन्वरचा फोन आला. चाचांच्या मुलीचं, नूरीचं लग्न ठरलं होतं. अन्वर खुशीत इतका ओरडत होता, की मलाही ऐकू येत होतं. "भाईजान, गिअरबॉक्स सांभाळून उघडा! आतली चक्रं काढून नूरीचा आहेर भरलाय. घड्याळं, कापड, अत्तर!"

चाचा मटकन खाली बसले. कागदावर फक्त गिअरबॉक्स दाखवले होते. सही त्यांची होती, पण कागद सगळा माझ्या अक्षरात होता.

दुकानात आलेला कस्टम एजंटचा माणूस म्हणाला, "चाचा, दोन-चार नग उघडून बघतात. गप ऱ्हावा."

"आणि तोच नग उघडला तर? या पोरीलापण चौकशीला उभी करतील. नाय बाबा, मला झेपायचं नाय."

सकाळी तपासणी सुरू होण्याआधीच ते कस्टमच्या साहेबांसमोर उभे राहिले. मी मागे होते. "साहेब, मालात लग्नाचं सामान हाय. भावानं येडेपणा केला."

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "हे कोणी लिहिलं?"

चाचा माझ्यापुढे आले. "मी सांगितलं तसं तिनं लिवलं. तिला कायपण माहीत नव्हतं."

गिअरबॉक्स उघडले. ग्रीसच्या वासातून गुलाबी जरीचं कापड बाहेर आलं, तेव्हा चाचांनी मान फिरवली. आहेर जप्त झाला. चौकशी लांबली. दंड, ड्यूटी आणि बंदराचं भाडं मिळून इतकं झालं, की माल सोडवणं परवडेना. चाचांनी तो तिथेच सोडून दिला. माझ्यावर मात्र आळ आला नाही.

अन्वरला ते एका शब्दाने बोलले नाहीत. "मायेनंच भरलं ना त्यानं," म्हणायचे. नूरीचं लग्न साधेपणाने झालं आणि पाठोपाठ दुकान विकलं गेलं. मग ते मला स्वतः कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग कचेरीत घेऊन गेले.

"हिचं काम इतकं चोख आहे, तर हिला सोडताय कशाला?" तिथल्या मालकांनी विचारलं.

"दुकानच नाय राह्यलं, शेठ."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पगार मागून घे, लाजू नको. आणि भीती वाटली तर फोन कर. दोघं मिळून घाबरू."

पुढे कितीतरी वर्षं, पेटी अडकली की मी तो फोन करायची. शेवटी त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. तरी माझं बोलणं संपेपर्यंत ते फोन कानाला धरून बसत, असं नूरी सांगते.