दाराआडचा दिगू

आमच्या गावाहून, तेरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं शाळेच्या फाटकाशी निरोप दिला, "गुरुजी, तुमचा दिगू गेला." त्याच्या पोटात पाणी झालं होतं. दारूनं गेला, असं गाव म्हणतं. पंधरा दिवस मीही तेच म्हणत होतो... पण खरं लिहायचं तर सुरुवात दारूपासून झालेली नाही.

दिगू माझा धाकटा भाऊ. तो जन्मला त्याच आठवड्यात वडील गेले आणि चुलतीनं त्याला पांढऱ्या पायाचा ठरवलं. घरातनं कुणी कामाला निघालं की आई त्याला दाराआड उभा करायची, आडवा येऊ नये म्हणून. आईचं सोडा, ती भ्यायलेली होती. मी सातवीच्या परीक्षेला निघालो तेव्हा पाच वर्षांचा दिगू माझी पिशवी घेऊन अंगणात आला. मी ती हिसकावली. "आत हो. तुझ्यामुळं नापास व्हईन मी." तो रडला नाही, आत जाऊन उभा राहिला. मी पास झालो आणि घराची खात्रीच पटली.

विशीत तो शिंदीच्या दुकानात बसू लागला, पुढं हातभट्टीवर गेला. मी लई शिव्या घातल्या, तुळजापूरला नेऊन देवीपुढं शपथ घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा विचारलं, काय मिळतं रे त्यात?

"दादा, पेल्यावर मी कुणाला आडवा येतोय असं वाटत न्हाय. चौकातनं मोकळा चालतो बगा."

मला ती दारुड्याची बडबड वाटली. मास्तर असून एवढं कळलं नाही, याची लाज वाटते.

शेवटचा भेटलो तेव्हा मी हेडमास्तरकीच्या मुलाखतीला निघालो होतो. तीस वर्षांचा दिगू ओट्यावर बसलेला, पूर्ण शुद्धीत. माझ्या अंगात कोट बघितला आणि मुकाट्यानं उठून दाराआड गेला. बाहेर ये, एवढंच म्हणायचं होतं... म्हणालो नाही. उलट बरं वाटलं मला.

नेमणुकीचा कागद परवा आला. काल तेरला जाऊन ते दार पुढं ओढलं. ते कायम उघडं, त्यामुळं मागच्या भिंतीला कधी सारवण लागलंच नाही. तिथं डोक्याच्या तेलाचा डाग आहे. बायको म्हणाली, पांढरी माती फिरवून घेऊ. मी नको म्हणालो. डाग माझ्या कमरेशी सुरू होतो आणि वर चढत चढत माझ्या कपाळापर्यंत येतो.