पारासमोर न उतरता

आमच्या गावात सुनेनं पारासमोरून वाहनावर बसून जायचं नाही, हे मला कुणी तोंडानं सांगितलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या मागं चालत होते. पार दिसला तशी त्यांनी पायातली चप्पल काढून हातात घेतली, मीही घेतली. झालं शिक्षण. पुढं चपला पायात राहायला लागल्या, पण उतरायचं तेवढं राहिलं. आधी बैलगाडीतून उतरायचो, आता सुना स्कूटीवरून उतरतात, पार ओलांडेपर्यंत ढकलत नेतात आणि मग पुन्हा बसतात. गंमत बघा, नवऱ्याच्या मागं मोटारसायकलवर बसलेली असली तर चालतं. पदर घेतला की झालं. हँडल बाईच्या हातात असलं की मात्र पारावरच्यांचा मान जातो.

त्या पारावर पहिला मान माझ्या भायाचा, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावाचा. लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून बसायची जागा त्यांची. ते माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही काही, रीतच तशी. भावजयीला काही सांगायचं असलं तर शेजारच्या माणसाला सांगायचं, नाहीतर म्हशीला सांगायचं, आणि भावजयीनं ते ऐकायचं. मीही त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ह्या घरात म्हातारी झाले, पण एक शब्द नाही.

आता सायकलचं. सायकल मला लहानपणापासून येते. चौथीला शाळा सुटली, सायकल नाही सुटली. आमचं शेत पाटोद्याच्या रस्त्याला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मधे पार. रोज जायचं, रोज उतरायचं. पण माझा उजवा पाय पोरवयात गाडीच्या चाकाखाली आलेला, पंजा जरा आत वळलेला आहे. वय झालं तसा तो पेडलवरून घसरायला लागला. चढाला घसरला की पेडल फिरून नडगीवर बसायचं. गुडघेही गेलेले. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालेल. म्हणजे सायकल सुटली तर माझं शेत मी दुसऱ्याच्या फटफटीवर मागं बसून बघायचं, तेही त्याला सवड असली तर.

माझी लेक बीडला असते. रविवारी मैत्रिणींबरोबर पालीच्या धरणापर्यंत सायकल मारते. तिनं नवी घेतली आणि जुनी मला आणून दिली, बुटांसकट. त्या बुटाच्या तळव्याला एक पट्टी असते आणि पेडलला तिच्या मापाची खाच. बूट वरून दाबला की खट्ट, पाय पेडलला जडला. मग घसरायचं नाव नाही.

"अन् उतरायचं कसं गं?" मी विचारलं.

"टाच बाहेर फिरवायची, आई. वर ओढायचं नाही. ओढलं की गेलीस."

हे मला कळलं. सीताफळ कुणी ओढून तोडत नाही, पिळून घेतात. ओढलं तर फांदी हातात येते.

कळलं म्हणजे आलं असं नाही. गोठ्याच्या भिंतीला हात टेकून मी सायकलवर बसायची. पाय अडकव, सोडव. डावा लवकर शिकला. उजवा मुळात आत वळलेला, त्याची टाच बाहेर जाईना. लेक म्हणाली, "मग डाव्याचाच भरवसा धर. थांबायच्या आधीच डावा सोडवायचा अन् डावीकडं झुकायचं." तिची जुनी सलवार घालून मी गोठ्यामागच्या नांगरलेल्या रानाच्या कडेनं फेऱ्या मारल्या. ढेकळांत पडले, उठले. म्हैस रवंथ थांबवून माझ्याकडं बघत होती. लेक म्हणाली, चल, जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून निघाले. पाय घट्ट, सायकल हलकी, वारा तोंडावर. वाटलं, ह्या वयात का होईना पायाला जागा मिळाली. तेवढ्यात पार आला. भाया बुंध्याला टेकून बसलेले. बघा, डोक्यानं अजून काही ठरवलं नव्हतं, आणि माझ्या पायांनी जुना हुकूम पाळला. उतरायला म्हणून डावा पाय वर ओढला. सवय ती, ओढलाच. टाच फिरवायची आठवण कुठली. सायकल थांबली, पाय दोन्ही जागेवर, आणि मी पोतं कलावं तशी कलले ती थेट पारापुढं.

पडल्यावर कळलं की पाय अजून सुटलेलेच नाहीत. सायकल अंगावर आणि मी तिला जडलेली. पारावर कुणीतरी विचारलं, "उतरल्या का पडल्या बे?"

"दोनी एकदमच," दुसरा म्हणाला, आणि पार हसला.

बापया माणसानं हात लावायची सोय नाही. भायाचं घर पाराला लागूनच, तिथून थोरल्या जाऊबाई धावत आल्या. त्यांनी बुटांचे पट्टे सोडले आणि माझे पाय बाहेर काढले. बूट राहिले पेडलला. मी उभी राहिले ती अनवाणी, पदरासारखी ओढणी सावरत. भाया शेजारच्याकडं तोंड करून म्हणाले, "त्यायला म्हणावं, हे वय हाय का. उद्यापसून मागच्या वाटंनं जायाचं."

मागची वाट ओढ्यातून जाते. सगळी बाभळीच्या काट्यांची. त्या सायकलचं चाक बोटभर रुंद. मागच्या वाटेनं जा म्हणजे सायकल भिंतीला लावून ठेव, एवढाच त्याचा अर्थ.

रात्री मालकांना म्हणलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "तू जाण अन् दादा जाणे." आमचे मालक कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत, म्हणून त्यांचं सगळ्यांशी पटतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई हळद गरम करून घेऊन आल्या. कोपराला लावता लावता म्हणाल्या, "मी एक सांगू का? बुटं सुटत न्हाईत म्हणायचं. मशीनच तसली हाय. मग उतरायचा सवालच न्हाई. कोन काय म्हनंल?"

"पण सुटतात की, अक्का."

"सुटू द्या. कुनाला म्हाईत हाय?"

लई मायेनं बोलल्या. आणि मी काही म्हणायच्या आत ते गावभर झालंसुद्धा. चार दिवसांनी मालक सांगत आले, "दादा म्हणत व्हते, बुटात पाय अडकवलेले असत्यात म्हणं, त्यायचा इलाज न्हाई. असू द्या मग."

झालं. परवानगी मिळाली. मी पारासमोरून बसून गेले. पारावरच्यांनी माझ्याकडं कसं बघितलं ते सांगते. लंगड्या वासराकडं बघतात तसं. एक जण तर दुसऱ्याला समजावत होता, "त्यायला उतरता येत न्हाई रे, इच्छा लई हाय." भायांनी मान हलवली. मला माफ केलं होतं.

शेतावर पोचेपर्यंत माझं डोकं तापलं. इच्छा लई हाय? कुणी सांगितलं ह्यांना? उतरायची माझी इच्छा कधीच नव्हती. नवी नवरी होते तेव्हाही नव्हती. तेव्हा भीती होती, तिला हे मान म्हणत आले. आणि आता पाय अडकलेत म्हणून सोडलं, तर उद्या ज्या सुनेचे पाय मोकळे आहेत तिला उतरावंच लागणार. मला माफी कशाला पाहिजे? मी काय चोरी केली होती?

मग मी पुन्हा गोठ्याच्या भिंतीशी गेले. आता अडकवायला नाही, सोडवायला शिकायचं होतं. डावा तर आलाच पाहिजे, झोपेतही आला पाहिजे. आणि उजवाही. लेकीला फोन केला, तर म्हणाली, "कशाला एवढं, आई? चाललंय ना नीट?" मी म्हणलं, नीट चाललं नाही, खोटं चाललंय. तिनं सांगितलं, पेडलला एक पेच असतो, तो ढिला केला की कमी जोरात सुटतं. पेचकस घेऊन बसले आणि केला ढिला. उजव्या पायाला मी गुडघ्यापासून नाही, मांडीपासून फिरवायला लावलं. कुरकुरला. पण सुटायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा. म्हैस आता बघायचीसुद्धा नाही.

पाटोद्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी पार भरलेला असतो. त्या दिवशी मी मुद्दाम निघाले. भाया त्यांच्या जागेवर. मी पारासमोर आले, टाच फिरवली, डावा सुटला. सायकल थांबवली आणि पाय जमिनीवर टेकला. सगळ्यांना वाटलं, आता उतरणार. एकानं तर जागा करून दिली, सायकल ढकलायला.

मग मी उजवाही सोडवला. दोन्ही पाय जमिनीवर, मी मोकळी, सीटच्या पुढं दांडी मधे धरून उभी. वाटलं असतं तर तिथंच टांग टाकून उतरले असते. आता कशानंच अडवलेलं नव्हतं.

भाया शेजारच्याला म्हणाले, "सुटत्यात की त्यायची बुटं."

शेजारच्यानं माझ्याकडं बघितलं, निरोप सांगायला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. पदर नव्हता, ओढणी होती, ती डोक्यावर घेतली नाही. भायांच्या तोंडाकडं बघून म्हणलं, "सुटत्यात, दादा. मला उतरता येतं."

त्यांनी एकदा शेजारच्याकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. उत्तर कुणाला सांगायचं तेच त्यांना सुचलं नसेल. मी डावा दाबला, खट्ट. जोर दिला, सायकल हलली, उजवा दाबला, तो पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा बसला. आणि पार ओलांडून गेले, बसून.

त्या दिवसापासून मागच्या वाटेचा निरोप आला नाही. आनंदीआनंद झाला असंही नाही. जाऊबाई आठवडाभर अबोला धरून होत्या. त्यांनी मला वाचवायला सांगितलेलं खोटं मीच चारचौघात मोडलं, ह्याचा राग होता त्यांना, आणि तो बरोबर होता. मी त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा मागून घेतला, तेव्हा कुठं बोलल्या. गावातल्या सुना स्कूट्या अजून पारासमोर ढकलतच नेतात. मी कुणाला काही शिकवायला गेले नाही. ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि भाया? मी आले की ते तोंड दुसरीकडं फिरवतात. फिरवू देत. मोठे आहेत, मान दुखते त्यांची, एकदम फिरवायला जड जातं. म्हणून मी वळणावरच घंटी वाजवते, म्हणजे त्यांना निवांत फिरवता येतं.