राळेचा वास

काल थळच्या घरी नात तिच्या चालत्या खेळण्याच्या तारांना डाख देत होती. धुराला राळेचा वास होता, आणि मी साठच्या दशकात, मुंबईच्या कॉलेजातल्या विद्युत प्रयोगशाळेत जाऊन पोहोचलो.

वडील आमच्या होडीचे तांडेल, सुकाणू धरणारे. सुके बोंबील घेऊन ते मला भेटायला आले होते. होडीवर चढताना तिचा मान राखून काढत तशा त्यांनी दारातच वहाणा काढल्या. आत येऊन वास घेतला आणि विचारलं, "इथं पन होरीला राळ लावतान का?"

टेबलावर माझं संशोधन होतं. मी चकती फिरवीन तितकंच आपोआप वळून थांबणारी मोटर. पण ती थांबतच नव्हती. जागेच्या पुढे जाई, मागे फिरे, पुन्हा पुढे. तीन महिने मी हैराण होतो आणि आठवड्याने सरांना ती चालवून दाखवायची होती.

वडील हात जोडून बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाला, ही नव्या खलाश्यावानी सुकान धरते. होरीचं नाक जाग्यावर येईस्तवर दाबून ठेवते. त्याच्या आधीच उलटा दाब द्याचा, तवा होरी गप ऱ्हाते."

वेग वाढला की मोटरला मागे ओढेल अशी जोडणी मी त्यांच्यासमोरच केली. मोटरवरचा काटा वळला, सावकाश झाला आणि जागेवर थांबला. वडिलांनी यंत्राला नमस्कार केला.

तेव्हा मला वाटलं, माझ्या विद्येपुढे ते थक्क झाले. आज आठवतं ते इतकंच, की त्या खोलीत बूट फक्त माझ्याच पायांत होते.